तारेतून सुटलेले वॉशर

लेबलकाकांना हे नाव कारखान्यात पडलं आणि निवृत्तीनंतर ते त्यांच्यामागोमाग घरी आलं. सगळी नोकरी त्यांनी शिलाई मशीन बनवणाऱ्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. लांबट खोली, छतापर्यंत रॅक, रॅकवर पत्र्याचे डबे आणि प्रत्येक डब्यावर काकांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी. खिडकीशी येऊन कुणी वस्तूचं नाव अर्धवट सांगितलं तरी काका मान न वळवता हात लांब करत आणि नेमका तो डबा काढत. एका जातीचं एका ठिकाणी, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. जगातली निम्मी भांडणं वस्तू जागेवर नसल्यामुळे होतात आणि उरलेली निम्मी त्या कुणी हलवल्या हे शोधताना, असं त्यांचं ठाम मत होतं.

घरीही तोच खाक्या. काचेच्या बरणीतली साखर आंधळ्यालाही दिसली असती, तरी बरणीवर ‘साखर’ अशी चिठ्ठी होतीच. काकू म्हणत, एक चिठ्ठी माझ्याही कपाळावर लावून टाका, म्हणजे आलेल्या-गेलेल्याला विचारायला नको. काका ते मनावर घेत नसत. बायकोचे टोमणे त्यांनी मनातल्या मनात एका वेगळ्या डब्यात ठेवले होते आणि त्या डब्याचं झाकण ते सहसा उघडत नसत.

थोरला भाऊ मात्र दुसऱ्या टोकाचा. त्यांना सगळेच दादा म्हणत. दादा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ऑपरेटर होते. पंपाच्या आवाजावरून त्याचं बेअरिंग किती दिवसांचं सोबती आहे ते ते सांगत, आणि स्वतःचा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत. धाकट्याची शिस्त हा त्यांचा आवडता करमणुकीचा विषय. एकदा काकांकडे पाहुणे बसले असताना दादांनी गुपचूप स्वयंपाकघरात जाऊन साखरेच्या आणि मिठाच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. काकांनी स्वतः चहा केला, चिठ्ठी वाचून चमचे टाकले आणि पाहुण्यांसमोर ठेवला. पाहुणे पहिल्या घोटाला थबकले, पण बिचारे सभ्य, तसेच प्यायले. दादा दारात उभे राहून म्हणाले, “बरणीत डोकावायची सवय ठेव रे कधीतरी.” काका पुढे आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

दादांची मोटारसायकल त्यांच्यापेक्षा वयाने मोठी होती. तरुणपणी भंगाराच्या लिलावात घेतलेली, साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची. लग्नानंतर वहिनींना मागे बसवून ते तिच्यावर फिरले, मुलीला टाकीवर बसवून शाळेत सोडलं, आणि क्रँकचं बेअरिंग गेलं तेव्हा घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिला उभी केली. ती उभी राहिली ती राहिलीच. मुलगी शिकली, लग्न होऊन दूर गेली. निवृत्त झाल्यावर दादांनी तिच्यावरची ताडपत्री काढली आणि इंजिन उतरवलं.

ज्या कंपनीने ती बनवली ती कधीच बंद पडली होती. त्यामुळे भाग विकत मिळणं मुश्कील. काही दादांनी जुन्या बाजारातून शोधून आणले, काही ओळखीच्या लेथवर करून घेतले आणि बरेचसे स्वतः पत्रा कापून, कानशीने घासून बनवले. यात वर्षं गेली. शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. कान तुटलेले कप, साबणाच्या डब्या, बादलीची झाकणं, सगळ्यांत काही ना काही. एका फळीवर खिळे ठोकून त्यांत नट अडकवलेले. भिंतीवरच्या हुकांना तारांची वेटोळी टांगलेली, आणि प्रत्येक तारेत ओवलेले वॉशर. जाड, पातळ, पितळेचे, पोलादाचे, सगळी सरमिसळ.

रविवारी काका यायचे आणि शेडच्या दारातच उभे राहायचे. आत जायला जागा नव्हती हे एक, आणि आतलं बघून त्यांचे हात शिवशिवायचे हे दुसरं. एक दिवस हा पसारा माझ्या ताब्यात दे, असं त्यांनी किती वेळा म्हटलं असेल. दादा हसून सांगायचे, तुझ्या स्टोअरमध्ये जा आणि तिथं नांद, इथं हात लावायचा नाही.

इंजिन जोडायला घ्यायचं ठरलं त्याच सुमारास दादा एका सकाळी न्हाणीघरात पडले.

उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. इस्पितळात काका रोज हजर. पण तिथं जाऊन करायचं काय? बाकावर बसायचं, नर्स सांगेल ते औषध आणायचं, पुन्हा बाकावर बसायचं. डॉक्टर म्हणत, वाट बघा. मागितलेली वस्तू हातासरशी काढून देणाऱ्या माणसाला हे वाट बघणं सोसेना. भाऊ काचेपलीकडे पडलेला, आणि आपण त्याला देऊ शकू असं काहीही कुठल्या रॅकवर नाही. काका घरी आले की पानावर नुसते बसायचे. काकूंनी एकदा विचारलं की भाजीत काही कमी आहे का, तर म्हणाले, मी काय खाल्लं ते मला आठवत नाही.

मग त्यांना शेड आठवली. त्यांनी वहिनींकडे किल्ली मागितली. दादा घरी येईल तेव्हा त्याला सगळं लावलेलं, हाताशी मिळेल असं करून ठेवतो, म्हणाले. वहिनी स्वतः अर्ध्या भानावर होत्या. त्यांनी किल्ली दिली.

काकांनी ते काम पूजेला बसल्यासारखं केलं. रॅक आणला, पत्र्याचे डबे आणले. एकेक कप रिकामा केला, एकेक खिळा मोकळा केला. तारांची टोकं पक्कडीने सोडवली आणि वॉशर वर्तमानपत्रावर ओतले. निरोपाच्या वेळी कारखान्याने दिलेला मायक्रोमीटर काढला आणि एकेका वॉशरची जाडी मोजून एकसारखे एकत्र केले. सगळं रॉकेलमध्ये धुतलं, पुसलं, वर तेलाचा हात फिरवला. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. फुटके कप टाकून दिले. तारा भंगारवाल्याला दिल्या. त्या दिवसांत ते पहिल्यांदाच भूक लागली म्हणाले. वहिनी बघायला आल्या, तर आतली जमीन दिसत होती. त्यांनी पदराने डोळे टिपले. म्हणाल्या, “भावोजी, या घरात मी आले तेव्हापासून ही फरशी मी पाहिली नव्हती.”

दादा चाकाच्या खुर्चीतून घरी आले. त्यांच्यापाशी एकच शब्द उरला होता, ‘हो’. पाणी हवं का, हो. नको का, हो. ऊन लागतंय का, हो. बोलायला शिकवणाऱ्या बाई येत, त्यांनी घरच्यांना समजावलं की त्यांना तुमचं सगळं कळतं, फक्त उत्तराच्या ठिकाणी त्यांच्या तोंडून हाच शब्द निसटतो. मान हलवायला सांगितली तरी ती उभीच हलते. आडवी हलवायची असली तरी उभीच. ओळखून घ्यायचं आणि फार प्रश्न विचारायचे नाहीत. काकांनी ते ऐकलं. पण ऐकणं आणि अंगवळणी पडणं यांत फरक असतो.

दोनेक दिवसांनी त्यांनी खुर्ची शेडकडे वळवली. दार उघडलं. दिवा लावला. रॅकवर डब्यांच्या रांगा, चिठ्ठ्यांवरची अक्षरं एका रेषेत, मधोमध लाकडी ठोकळ्यांवर मोटारसायकलचा सांगाडा, त्यावरची धूळसुद्धा पुसलेली. दादा बघत राहिले. त्यांचा डावा हात वर गेला आणि भिंतीकडे, रिकाम्या हुकांकडे, थोडा वेळ तसाच राहिला.

“आवडलं ना?” काकांनी विचारलं.

“हो,” दादा म्हणाले.

त्या एका शब्दावर काका आठवडाभर तरंगत होते. भेटेल त्याला सांगत, आयुष्यात पहिल्यांदा दादाने माझं काम पास केलं. काकूंनी शंका काढली, ते तर सगळ्यालाच हो म्हणतात. काका म्हणाले, चेहऱ्यावरून कळतं.

चेहरा वहिनी बघत होत्या. दादा जेवेनासे झाले होते. खुर्ची खिडकीशी नेली की शेडच्या दिशेला पाठ करायला बघत, डाव्या पायाने फरशीवर रेटा देत. पण त्याचा संबंध त्यांनीही कशाशी जोडला नाही. इस्पितळातून आलेलं माणूस असंच असतं, असं धरून चालल्या. शेवटी त्यांनाच वाटलं की गाडी सुरू झाली तर यांचं मन लागेल. वर्षानुवर्षं दुसरा ध्यास नव्हता. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की दुसरा झटका कधी येईल सांगता येत नाही. त्या काकांना म्हणाल्या, “भावोजी, यांच्या कानावर तिचा आवाज एकदा पडू दे. मग माझं काही मागणं नाही.”

काकांनी मिस्त्रीला बोलावलं. जुन्या गाड्यांची कामं करणारा, चाळिशीचा, बोलायला कडू, पण दादांबद्दल माया असलेला माणूस. दादा त्याच्याकडे बसत-उठत. तो शेडमध्ये शिरला, रॅककडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं.

“तारा कुठं आहेत?” त्याने विचारलं.

“कसल्या तारा?”

“हुकावरच्या. वॉशरच्या.”

काकांनी अभिमानाने डबे दाखवले. एकेक जाडी वेगळी, बघ. मिस्त्रीने एक डबा उघडला, मूठभर वॉशर तळहातावर घेतले आणि पुन्हा आत सोडले. मग तो उलट्या ठेवलेल्या एका लाकडी खोक्यावर बसला.

त्याने काकांना जे सांगितलं ते असं. या इंजिनात आणि गिअरबॉक्समध्ये जेवढे शाफ्ट, म्हणजे फिरणारे दांडे आहेत, त्यांच्या टोकांना पातळ वॉशर लागतात, शाफ्ट आडवा हलू नये म्हणून. नव्या गाडीत ते मोजून घालता येतात. ही गाडी जुनी, प्रत्येक शाफ्ट वेगळा झिजलेला, ते झाकणाऱ्या कव्हरची बैठकही एका अंगाला खाल्लेली. दादांनी त्या झिजेला जुळवून वॉशर घासले होते, काही एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला कागदासारखे पातळ. एका शाफ्टचे वॉशर एका तारेत, जसे बसवायचे त्या क्रमाने, त्याच तोंडाने. कुठली तार कुठल्या शाफ्टची ते हुकावरून कळायचं. मायक्रोमीटरने एका जागी मोजलं तर त्यातले कितीतरी सारखेच भरणार.

काकांना प्रथम कानावर विश्वास बसेना, मग पायाखालची जमीन जागेवर राहीना. त्यांनी विचारलं की पुन्हा लावता येणार नाही का. मिस्त्री म्हणाला, आठवत असेल तर सांगा, मी लावतो.

आणि इथंच खरं घोडं अडलं. कारखान्यातल्या कुठल्या रॅकच्या कुठल्या खणात काय होतं हे काकांना आजही झोपेतून उठवून विचारलं असतं तर सांगता आलं असतं. पण त्या तारा त्यांनी कधी पाहिल्याच नव्हत्या. म्हणजे डोळ्यांसमोर होत्या, सोडवल्याही स्वतःच्या हातांनी, पण त्यांच्या लेखी तो पसारा होता. पसारा कोण पाठ करतं? ते डोळे मिटून बसले की त्यांना वर्तमानपत्रावर ओतलेला ढीग दिसे आणि त्यानंतरचे आपले डबे. ढिगाच्या आधीचं काहीच दिसत नसे.

भंगारवाल्याकडे ते गेले. तारा कधीच वितळायला गेल्या होत्या, आणि असत्या तरी नुसत्या तारा घेऊन करणार काय होते? भंगारवाल्याने तेवढी सहानुभूती दाखवली, एक नवी तार फुकट देऊ केली.

आता जगात ते सगळं ठाऊक असलेलं एकच माणूस होतं आणि ते खुर्चीत बसलं होतं.

काका दादांच्या पायाशी स्टूल घेऊन बसले. झाल्या प्रकाराची माफी मागून झाली, त्यालाही दादा हो म्हणाले. मग कव्हर समोर ठेवून काकांनी डब्यातला एकेक वॉशर दाखवायला सुरुवात केली. हा इथला का? हो. मग हा? हो. दोन्ही कसे असतील दादा? हो. काकांनी एका कागदावर ‘होय’ आणि दुसऱ्यावर ‘नाही’ लिहिलं, ठळक. दादांचं बोट जो कागद जवळ असेल त्यावर पडे. कागदांची अदलाबदल केली, तर पुन्हा जवळच्यावर. डोळे मिचकावायची खूण ठरवली, तर दादांनी डोळे मिटले आणि पापण्यांखालून पाणी आलं.

तरी काका थांबले नाहीत. त्यांना वाटलं, डोळ्यांना नसेल तर बोटांना आठवत असेल. त्यांनी एक वॉशर दादांच्या डाव्या हातात दिला. दादांनी तो अंगठा आणि बोटामध्ये फिरवला, सावकाश, कडेकडेने. चेहरा बदलला. काका स्टूलवरून पुढे झुकले. दादांनी ओठ हलवले, घशातून काहीतरी वर येऊ पाहत होतं, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि शेवटी जे बाहेर आलं ते ‘हो’ होतं. पुन्हा ‘हो’. मग त्यांनी तो वॉशर मुठीत आवळला आणि मूठ मांडीवर आपटायला लागले.

वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांनी दादांचा हात धरला, मूठ सोडवली, तळहातावर कडेचा वळ उमटला होता. आजवर त्या दिराशी आवाज चढवून बोलल्या नव्हत्या.

“भावोजी, तुम्ही त्यांची परीक्षा घेताय का? ज्याला सगळं येतंय आणि सांगता येत नाहीये, त्याला विचारत बसणं म्हणजे तहानलेल्याला पाण्याचं चित्र दाखवणं. बंद करा हे.”

काका उठले. वॉशर डब्यात टाकायला गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की तो कुठल्या डब्यातून काढला होता तेही आता सांगता येत नाही.

त्यानंतर त्यांनी दादांना एकही प्रश्न विचारला नाही. ते आणि मिस्त्री मिळून अंदाजाने जोडायला लागले. पद्धत साधी आणि जीव खाणारी. शाफ्टला वॉशर घालायचे, कव्हर बसवायचं, सगळे स्क्रू आवळायचे आणि शाफ्ट फिरवून बघायचा. घट्ट असला तर वॉशर जास्त झाले, हलला तर कमी. पुन्हा सगळे स्क्रू सोडायचे. एक शाफ्ट जमला म्हणेपर्यंत दुसरा अडायचा, कारण कव्हर एकच. मिस्त्री दुपारी आपली कामं टाकून येई आणि शिव्या घालत जाई. म्हणे, मी मेकॅनिक आहे, ज्योतिषी नाही. काका त्याला चहा देत, हत्यार हातात देत आणि ऐकून घेत. ऐकून घेण्याखेरीज त्यांच्याकडे दुसरं काही उरलंही नव्हतं.

घरी काकू पूर्वीसारख्या टोमणे मारीनाशा झाल्या, हे काकांना जास्त लागलं. एकदा काका आपणहून म्हणाले, मी चांगलं करायला गेलो होतो गं. काकू म्हणाल्या, ते मला माहीत आहे, दादांनाही माहीत असेल. आणि जरा थांबून म्हणाल्या, म्हणून तर त्यांना रागावताही येत नसेल.

ही गोष्ट काकांच्या मनात आलीच नव्हती. दादांनी शिव्या घातल्या असत्या, मिठाच्या चहासारखा सूड घेतला असता, तर हिशेब फिटला असता. पण ‘हो’वर रागावणार कसं आणि ‘हो’ने माफ तरी करणार कसं? दादा रागावले आहेत की नाहीत हेही या जन्मात कळणार नव्हतं.

शेवटी एकदाचे सगळे शाफ्ट फिरले. मिस्त्री म्हणाला, अगदी मनासारखं नाही, थोडा आवाज राहील, पण सुरू होईल. इंजिन सांगाड्यात चढलं. कार्ब्युरेटर, मॅग्नेटो, सायलेन्सर लागले. टाकीत पेट्रोल ओतलं. खुर्ची शेडच्या दारात, गाडीच्या अगदी अंगाशी आणून ठेवली. वहिनींनी दादांना धुतलेला सदरा घातला होता. काकू आल्या होत्या. शेजारचे दोघे-तिघे कुंपणापाशी उभे राहिले. सकाळचं ऊन टाकीवर पडलं होतं.

मिस्त्रीने टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडला आणि किक मारली. काही नाही. पुन्हा मारली, पुन्हा काही नाही. सायलेन्सरमधून एक फटाका उडाला आणि कुंपणाजवळचे शेजारी मागे सरकले. मिस्त्रीने प्लग काढला, पुसला, परत लावला. त्याचा सदरा पाठीला चिकटला. काकांना वाटलं, आता हा हात झटकून निघून जाणार. त्यांचं लक्ष गाडीवर नव्हतंच, ते दादांच्या हाताकडे बघत होते. डावा हात खुर्चीच्या दांडीवर होता आणि बोटं वर-खाली होत होती, किकच्या तालावर.

मग ती पेटली. आधी अडखळत, खोकत, निळा धूर सोडत, आणि मग एकदम सलग. शेडचा पत्रा थरथरायला लागला. वहिनींनी तोंडावर हात धरला. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रीने काकांच्या पाठीवर थाप मारली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी वाकून दादांच्या कानाशी तोंड नेलं. “दादा, झाली बघ सुरू.”

दादांनी हो म्हटलं नाही. ते ऐकत होते. डोकं एका बाजूला कललं होतं, पंपघरात कलायचं तसं. काकांनीही ऐकलं. त्या सगळ्या गडगडाटाच्या आत, खोल कुठंतरी, एक ठोका होता. टक, टक, टक, ठरावीक वेळाने, कुणी बंद दारावर बोटाने वाजवावं तसा. काकांना तो मघाशीच ऐकू आला होता. आपण म्हणालो नाही तर तो नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मिस्त्रीकडे बघितलं, तर मिस्त्री दुसरीकडे बघत होता.

दादांचा डावा हात दांडीवरून सुटला. तो पुढे गेला, टाकीच्या कडेला लागला, घसरला, खाली चाचपडला आणि पेट्रोलच्या कॉकवर येऊन थांबला. दोन बोटांनी त्यांनी तो फिरवला आणि बंद केला.

कुणाच्या काही लक्षात आलं नाही, कारण इंजिन चालूच होतं. कार्ब्युरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत ते चालत राहतं. शेजारी अजून हसत होते. वहिनी दादांचा सदरा सारखा करत होत्या. काकांनी एकट्याने पाहिलं होतं. नकळत त्यांचा हात कॉक परत उघडायला पुढे गेला, आणि दादांनी आपला तळवा कॉकवर ठेवला. घट्ट. काकांचा हात त्या हातावर पडला आणि तिथंच थबकला.

जे माणूस नाही म्हणायला विसरलं होतं, ते नाही म्हणत होतं. आणि ज्या आवाजासाठी एवढी वर्षं घालवली, त्या आवाजालाच म्हणत होतं. ठोका असा चालू राहिला तर शाफ्ट जाईल, शाफ्ट गेला तर कव्हर फुटेल, मग ती कुणालाच जोडता येणार नाही. दुसऱ्या झटक्याची टांगती तलवार असलेल्या माणसाने घाई करायला हवी होती, पुरेल तेवढं ऐकून घ्यायला हवं होतं. ते गाडीला वाचवत होते.

इंजिनाचा आवाज पातळ झाला. एकदा वर चढला, जणू काहीतरी सुचल्यासारखा, आणि एकदम बसला. ठोका सगळ्यांत शेवटी थांबला.

शेजाऱ्यांनी विचारलं, काय झालं, पेट्रोल संपलं का? मिस्त्रीने घाम पुसला. काकांना बाजूला घेऊन म्हणाला, “त्यांना कळलं. मला वाटलं होतं कळणार नाही.” मग म्हणाला की माझ्याकडून याहून जास्त होणार नाही, काका, खोटं कशाला सांगू. हत्यारं पिशवीत भरून तो निघाला. जाताना दादांसमोर क्षणभर उभा राहिला.

काकू वहिनींना घेऊन आत गेल्या. कुंपण मोकळं झालं. काका खुर्चीजवळ उकिडवे बसले. दादांचा हात कॉकवरच होता. इंजिनाची धग हाताला लागत असणार, पण त्यांनी तो काढला नाही. काकांना पुष्कळ काही विचारायचं होतं. पुन्हा उघडू का? कुठल्या शाफ्टचा ठोका आहे? मला जमेल का? आणि सगळ्यांत आधी, माझ्यावर रागावला आहेस का? एकाही प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळणार नव्हतं, आणि जे मिळणार होतं ते त्यांना आधीच माहीत होतं.

“दादा, आत जायचं?” त्यांनी एवढंच विचारलं.

“हो,” दादा म्हणाले, आणि हात तिथंच ठेवला.

काका तसेच बसून राहिले.